‘नानक’ दिसलं तरी आधी शीर्षक वाचा

शीख इतिहास शिकायला निघालेल्या मराठी माणसाजवळ नांदेड आणि नामदेव आधीपासूनच असतात. दहा गुरूंची नावं, १६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात झालेली खालशाची स्थापना, पाच ककार, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं मी धरून चालते. ते कुठेही मिळेल. मी लिहिते आहे ते एका अडचणीबद्दल. ती मला वेळेवर कोणी दाखवली नाही आणि तिच्यापायी प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण मला नव्याने लिहावं लागलं.

गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथात सहा गुरूंची बाणी, म्हणजे पद्यरचना आहे, आणि नाममुद्रा सगळ्यांची एकच: ‘नानक’. आपल्याला सवय असते की ‘तुका म्हणे’ आलं म्हणजे अभंग तुकोबांचा. त्याच सवयीने इथे वाचाल तर फसाल. शेवटच्या ओळीत ‘नानक’ असलेला शबद, म्हणजे पद, पहिल्या गुरूंचा असेल, पाचव्यांचा असेल, नवव्यांचाही असेल. कोणाचा, ते शीर्षक सांगतं. त्यातल्या ‘महला’पुढचा आकडा म्हणजे गुरूंचा क्रम. महला १ म्हणजे गुरू नानक, २ गुरू अंगद, ३ गुरू अमरदास, ४ गुरू रामदास, ५ गुरू अर्जन आणि एकदम ९, गुरू तेगबहादूर. गुरू अर्जन यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ, म्हणजे या ग्रंथाचं पहिलं रूप, सिद्ध केला आणि नवव्या गुरूंची बाणी पुढे त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग यांनी त्यात घेतली.

एवढ्यावर हे जमलं असं समजू नका. शीर्षकात ‘घरु’ही असतो आणि त्याच्यापुढेही आकडा असतो. तो गायनाशी निगडित आहे, गुरूंच्या क्रमाशी त्याचा संबंध नाही. ‘सिरीरागु महला १ घरु ४’ यातला चार बघून शबद गुरू रामदासांच्या नावावर टाकला, तर सगळंच चुकलं. ‘वार’ नावाच्या दीर्घ रचनांमध्ये आणखी जपावं लागतं. पउडी (वारेचं कडवं) एका गुरूंची, तिच्या आधीचे सलोक (छोटी पद्यं) दुसऱ्यांचे, आणि सलोकाच्या वर फक्त ‘म: १’ किंवा ‘म: ३’ एवढीच खूण. आसा दी वार आपण गुरू नानकांची म्हणतो, पण तिच्यात गुरू अंगदांचेही सलोक आहेत. सूफी संत शेख फरीदांच्या सलोकांमध्येसुद्धा मधूनमधून गुरूंचे सलोक येतात.

अंग ११३६ उघडून बघा. (पान म्हणू नका, अंग म्हणा. ग्रंथ हे गुरू आहेत, आणि एकूण अंगं १४३०.) ‘ना हम हिंदू न मुसलमान’ ही ओळ गुरू नानकांची म्हणून सर्रास फिरते. तिचं शीर्षक आहे ‘भैरउ महला ५’, म्हणजे गुरू अर्जन. आणि शबदाच्या शेवटी नाव येतं कबीरांचं! या एका शबदावर मी कितीतरी वेळ घालवला आहे आणि तो कारणी लागला असं मला मनापासून वाटतं.

फरक काय पडतो? इतिहास लिहिणाऱ्याला फार पडतो. गुरू नानक (१४६९ ते १५३९) बाबराच्या स्वारीच्या काळात होते. गुरू अर्जन यांचं बलिदान १६०६ मध्ये लाहोरला झालं, गुरू तेगबहादूर यांचं १६७५ मध्ये दिल्लीत. कोणाला भय दाखवू नये आणि कोणाचं भय बाळगू नये, असं सांगणारा सलोक महला ९ चा आहे. तो गुरू नानकांच्या तोंडी घातलात, तर त्याच्यामागची दिल्ली दिसेनाशी होते.

पण गुरुद्वारात कोणी ‘बाबा नानक म्हणतात’ असं म्हणून पाचव्या गुरूंची ओळ सांगितली, तर चूक काढायला जाऊ नका. दहाही गुरूंमध्ये एकच ज्योत आहे, ही श्रद्धा आहे, आणि सामाईक नाममुद्रेचा अर्थही तोच. तुमची वही वेगळी आणि त्यांची अरदास, म्हणजे प्रार्थना, वेगळी.

घाबरण्यासारखं यात काही नाही. गुरमुखीची पैंती, म्हणजे पस्तीस अक्षरं, देवनागरी येणाऱ्याला थोड्याच आठवड्यांत वाचता येतात. ती शिकाच. शीर्षक गाळून नुसती ओळ आणि तिचा अर्थ देणाऱ्या चित्रांवर अभ्यास करू नका, तो वाया जातो. मार्गदर्शकाबद्दलही माझं मत पक्कं आहे: संदर्भग्रंथांची लांबलचक यादी देणाऱ्या प्राध्यापकापेक्षा शेजारी बसवून संथिया (बाणी शुद्ध वाचण्याची शिकवण) देणारा म्हातारा ग्रंथी, म्हणजे गुरुद्वारात ग्रंथ वाचणारा, जास्त शिकवतो. माझ्या मार्गदर्शकांनी यादी दिली होती. शीर्षकावर बोट ठेवलं ते एका ग्रंथींनी.

नामदेवांची ६१ पदं ग्रंथात आहेत, पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे, २०१५ चं मराठी साहित्य संमेलनही तिथे झालं. हा धागा खरा आहे. पण तेवढ्यावरून शीख परंपरा म्हणजे वारकरी संप्रदायाचं उत्तरेतलं रूप, असं लिहू नका. ग्रंथाची मांडणी मुख्यतः रागांनुसार आहे. बहुतेक रागांत आधी गुरूंची बाणी येते आणि शेवटी भगतांची, म्हणजे नामदेवांसारख्या संतांची. नामदेवांची पदं त्या क्रमातच, कबीर आणि रविदासांच्या सोबतीने वाचा.

नांदेडचंही तसंच. तख्त सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. १७०८ मध्ये दहाव्या गुरूंनी ग्रंथाला गुरुपद दिलं ते इथेच. तिथे दसम ग्रंथाचाही (दहाव्या गुरूंच्या नावाने ओळखला जाणारा वेगळा ग्रंथ) प्रकाश होतो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडून ठेवला जातो; अमृतसरला होत नाही. म्हणून नांदेडला पाहिलेलं नांदेडचं म्हणूनच नोंदवा. लंगरमध्ये पहिल्या दिवशी भांडी घासा, पोळ्या लाटा. वही बाहेर काढू नका, आणि १९८४ बद्दल तर पहिल्या भेटीत मुळीच विचारू नका. माणसं आपणहून बोलतात.

रोजचा सराव म्हणून दरबार साहिबचा, म्हणजे अमृतसरच्या सुवर्णमंदिराचा, हुकमनामा घ्या: तिथे त्या दिवशी ग्रंथ उघडून वाचलेला शबद. आधी राग, मग महला, मग घरु लिहा. त्यानंतर ‘रहाउ’ची, म्हणजे ध्रुपदाची, ओळ शोधा, शबदाचा गाभा बहुधा तिथेच असतो. अर्थ सगळ्यात शेवटी.