लहान मेंदूचे काम घरच्या घरी कसे पारखावे

इंदूरच्या मराठी घरांत वडीलधाऱ्यांची चाल डगमगू लागली की ‘आता वय झाले’ किंवा ‘बी-बारा कमी असेल’ असे म्हणून विषय मिटवला जातो. बी-बाराची कमतरता हे एक खरे कारण आहेच. मात्र तोल जाण्याचे मूळ अंतःकर्णात, पायांच्या नसांत किंवा लहान मेंदूतही असू शकते. पुढील पारखणीने निदान होत नाही, परंतु डॉक्टरांना ‘चक्कर येते’ यापेक्षा नेमके काही सांगता येते.

लहान मेंदू, म्हणजेच अनुमस्तिष्क, कवटीच्या मागच्या खालच्या भागात, मोठ्या मेंदूच्या खाली आणि मेंदूस्तंभाच्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागाच्या, मागे असतो. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या साधारण १० टक्के भरतो, तरीही मेंदूतील निम्म्याहून अधिक चेतापेशी त्याच्यात असतात. त्याचा मधला पट्टा धड आणि चाल सांभाळतो, दोन्ही गोलार्ध हातापायांच्या हालचाली नेमक्या करतात, आणि तळाचा लहानसा खंड अंतःकर्णाशी जोडलेला राहून तोल व नजर स्थिर ठेवतो. हालचालीचा आदेश मोठा मेंदू देतो. त्या आदेशाची वार्ता आणि स्नायू-सांध्यांकडून आलेली खबर यांचा ताळा लहान मेंदू घेतो व चूक घडत असतानाच दुरुस्त करतो. त्याच्या बाह्यकातून, म्हणजे बाहेरच्या थरातून, बाहेर जाणारा प्रत्येक संदेश पुर्किंजे पेशींमधूनच जातो; या पेशींचे वर्णन १८३७ साली झाले.

म्हणूनच लहान मेंदू बिघडला तरी ताकद बहुधा शाबूत राहते. जाते ते माप आणि वेळ. तेव्हा आधी दोन्ही हातांची पकड आणि पायांचा जोर पाहावा, कारण अशक्त हातही नेम चुकवतो आणि मग पुढच्या पारखणीला फारसा अर्थ उरत नाही.

त्यानंतर समोर बसून आपले बोट त्यांचा हात पूर्ण लांब होईल इतक्या अंतरावर धरावे, आणि त्यांना तर्जनीने आळीपाळीने स्वतःचे नाक व आपले बोट शिवण्यास सांगावे. येथे घाई करू नये. बोट फार जवळ धरले तर दोष लपतो. ते अधूनमधून जागा बदलून धरावे. लक्ष्य जवळ येताच वाढणारा कंप किंवा लक्ष्याच्या पुढे-मागे जाणारे बोट लहान मेंदूकडे निर्देश करते, तर मांडीवर स्वस्थ ठेवलेल्या हाताचा कंप पार्किन्सनकडे. मग मांडीवर तळवा व पंजाची मागची बाजू भराभर आलटून पालटून थोपटायला लावावे आणि लय तुटते का ते पाहावे. दोष ज्या बाजूच्या हातात दिसतो, लहान मेंदूचीही साधारणपणे तीच बाजू बिघडलेली असते; मोठ्या मेंदूत हे उलटे असते.

चालीसाठी आपल्याकडच्या कोटा फरशीची सरळ सांध पुरेशी आहे. अनवाणी, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सांधेवरून चालण्यास सांगावे, आणि स्वतः अगदी शेजारी, धरता येईल इतक्या जवळ चालावे. फरशी ओली असेल तर हा प्रयोग करूच नये. सरळ चालीपेक्षा वळताना दोष लवकर उघड होतो. डोळे मिटून उभे करण्याची चाचणी लोकप्रिय आहे, पण ती मुख्यतः पायांकडून येणाऱ्या संवेदनांची परीक्षा घेते. लहान मेंदूचा रुग्ण डोळे उघडे असतानाही डुलतो. ‘कच्चा पापड, पक्का पापड’ म्हणताना अक्षरे तुटक पडत असतील तर तेही टिपून ठेवावे.

डॉक्टरांकडे जाताना त्रास केव्हा सुरू झाला, कोणती बाजू, मद्यपान आणि सर्व औषधे लिहून न्यावीत. फिट्सवरील फेनिटॉइन या औषधाचे प्रमाण जास्त झाले तरी अशीच चाल होते. मात्र अचानक तोल जाणे, उलट्या, तीव्र डोकेदुखी किंवा दोन-दोन दिसणे सुरू झाले तर यांपैकी काहीही करत बसू नये. तो लहान मेंदूतील पक्षाघात (स्ट्रोक) असू शकतो आणि आत सूज वाढून मेंदूस्तंभ दाबला जाऊ शकतो. अशा वेळी तत्काळ १०८ ला फोन करावा.