ई-ड्रमच्या मेन्यूत शिरण्याआधी या चुका टाळा

ई-ड्रमची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक जण मॉड्यूलची, म्हणजे पॅडच्या सिग्नलवरून आवाज काढणाऱ्या डब्याची, सगळी सेटिंग्ज आधीच उलटीपालटी करून आलेले असतात. पॅडला मात्र कुणी नीट हात लावून पाहिलेला नसतो. पॅडच्या आत पिझो नावाची पातळ चकती असते. तिला हादरा बसला की ती वीज देते. तो हादरा काठीचा होता की हलणाऱ्या स्टँडचा, हे तिला कळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ क्रॉसटॉकचा. म्हणजे मारायचं स्नेअरवर (समोरच्या मुख्य ड्रमवर) आणि वाजायचं क्रॅश (झांज). एका मुलाचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता आणि हीच तक्रार होती. इंटरनेटवर कुणाच्या तरी सेटिंग्जचा फोटो पाहून त्याने प्रत्येक पॅडचं क्रॉसटॉक कॅन्सल शेवटपर्यंत चढवलं होतं. आगंतुक क्रॅश थांबला, पण खराही जायला लागला. तालमीत गाण्याच्या शेवटच्या ठोक्यावर किक (पायाने वाजवायचा ड्रम), स्नेअर, क्रॅश एकदम पडले आणि क्रॅश आलाच नाही. येणार कसा? दोन पॅड जवळजवळ एकाच क्षणी वाजले की कमजोर सिग्नल गाळायचा, एवढंच ते सेटिंग करतं.

मी त्याला म्हटलं, "तू नुसता स्नेअर मारत राहा." आणि रॅकच्या नळीवर तळहात ठेवून एकेक क्लॅम्प चाचपत गेलो. क्रॅशच्या दांड्यापाशी प्रत्येक स्ट्रोकचा टोला हाताला लागत होता. स्नेअरचा क्लॅम्प ढिला होता, पॅड खाली झुकलं होतं आणि त्याची कड त्या दांड्याला टेकली होती. पॅड वर घेतलं, मध्ये दोन बोटं जातील एवढी जागा ठेवली, क्लॅम्प आवळला. मग क्रॉसटॉक कॅन्सल शून्यावर आणून एकेक पायरी चढवत गेलो. तिसऱ्या पायरीला काम झालं. त्या मुलाचे चार दिवस मेन्यूत गेले होते.

दुसरी आवडती चूक मेश हेडची, म्हणजे पॅडवर ताणून बसवलेल्या जाळीची. हातात आलं की जाळी तशीच वाजवायला घेतात. जाळी ढिली असेल तर मधला फोमचा शंकू जास्त दाबला जातो, मध्यावर मारलं की तोफ आणि कडेला मारलं की कुजबुज. शिवाय जाळी थरथरत राहते आणि एका स्ट्रोकचे दोन आवाज येतात. यावर लोकांचा इलाज म्हणजे मास्क टाइम वाढवणे. मास्क टाइम म्हणजे एक स्ट्रोक ओळखल्यावर पॅडने किती वेळ कान बंद ठेवायचे. सेकंदाला १६ स्ट्रोकचा रोल असेल तर दोन स्ट्रोकमधलं अंतर ६२ मिलिसेकंदांच्या आसपास येतं. मास्क ६४ वर नेलात तर तुमचा रोल तुम्हीच खाल्लात. ड्रम की (स्क्रू फिरवायची चावी) घ्या, समोरासमोरचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळत जा आणि बोटाने प्रत्येक स्क्रूपाशी ताण सारखा आहे का बघा. मी दर दोन-तीन आठवड्यांनी हे करतो. दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याचा कंटाळा असेल तर मेश हेड घेऊच नये.

किक दोनदा वाजत असेल तर आधी पाय बघा. बीटर (पेडलचा हातोडा) पॅडवर दाबून धरायची सवय असली की तो तिथेच उसळून पुन्हा लागतो.

थ्रेशोल्ड, म्हणजे किती हलका स्ट्रोक मोजायचा ती मर्यादा, चढवून आगंतुक आवाज मारू नका, स्नेअरच्या घोस्ट नोट्स (अगदी हलके स्ट्रोक) त्याच्यासोबत मरतात.

रिम (पॅडची कड) वाजत नाही? केबल बघा. दोन झोनच्या (मध्य आणि कड वेगळे वाजणाऱ्या) पॅडला स्टिरिओ जॅक लागतो, म्हणजे टोकावर दोन काळ्या रेघा. गिटारच्या मोनो केबलवर दुसरा झोन नीट चालत नाही. केबल बरोबर असेल तर मॉड्यूलमध्ये पॅडचा प्रकार योग्य निवडलाय का ते पाहा. काही पॅडच्या रिमला पिझो असतो, काहींच्या नुसता स्विच. दुसऱ्या कंपनीचं पॅड जोडताना हे आधी विचारा, पैसे भरल्यावर नको.

हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजेच्या) पेडलवर पाय ठेवून मॉड्यूल चालू करू नका. काही मॉड्यूल त्याच क्षणी पेडलची जागा वाचतात, मग उघडा-बंद आवाज दिवसभर चुकत राहतो.

ब्लूटूथ हेडफोनवर सराव अजिबात नको. साध्या ब्लूटूथची दिरंगाई १०० मिलिसेकंदांच्या पुढे सहज जाते, आणि १२० च्या टेम्पोत (मिनिटाला १२० ठोके) सोळाव्या नोटचं, म्हणजे पाव ठोक्याचं, अंतर १२५ असतं. तुम्ही जवळजवळ एक नोट मागे ऐकत वाजवत असता. अशाने बिघडलेला हात ताळ्यावर आणायला महिने गेलेले मी पाहिले आहेत. वायरचा हेडफोन घ्या. कॉम्प्युटरमधले आवाज वापरत असाल तर बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी कॉम्प्युटर साठवतो तो तुकडा) १२८ सॅम्पलपर्यंत आणा, ४४.१ किलोहर्ट्झला तो ३ मिलिसेकंदांच्याही आत बसतो.

आणि कॉम्प्युटर जोडल्यावर प्रत्येक स्ट्रोक जोडीने ऐकू आला तर पॅडला दोष देऊ नका. मॉड्यूलचा स्वतःचा आवाजही चालू राहिलेला असतो. मॉड्यूलमधलं लोकल कंट्रोल, म्हणजे पॅडवरून त्याचा स्वतःचा आवाज वाजवणारं सेटिंग, बंद करा.