जुना ट्यूब अँप नीट वाजत नाही? आधी या चुका टाळा

व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या गिटार अँपमधून आवाज पातळ येतोय, कानाला टोचतोय, बास गायब झालाय, आणि मग ठरलेला प्रश्न: कुठली ट्यूब टाकू? अरे, आधी गिटार कुठल्या चॅनलला लावलीये ते तरी सांग. जुन्या अँपमधे दोन चॅनल म्हणजे क्लीन आणि डिस्टॉर्शन असं नसतं, सर्किट वेगळं म्हणून टोन वेगळा.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते दिसेल त्या अँपचे चॅनल जंपर करणाऱ्यांमुळे, म्हणजे छोट्या पॅच केबलने दोन्ही चॅनल जोडून एकदम वाजवणाऱ्यांमुळे. प्लेक्सीवर (मार्शलचा जुना अँप) ते चालतं कारण दोन्ही चॅनलचा सिग्नल पहिल्या ट्यूबच्या एकेका अर्ध्यातून जातो आणि लगेच मिक्स होतो, फेज सारखीच, म्हणजे दोन्ही लहरी एकत्रच वर-खाली होतात. फेंडर ब्लॅकफेस डिलक्स रिव्हर्ब किंवा ट्विन रिव्हर्बला व्हायब्रेटो चॅनलमधे एक गेन स्टेज (सिग्नल मोठा करणारा टप्पा) जास्त आहे, दर स्टेजला सिग्नल उलटतो, त्यामुळे नॉर्मलमधे दोनदा आणि व्हायब्रेटोत तीनदा, मग पुढे एकत्र आले की एकमेकांनाच खातात. एक मित्र असाच अँप घेऊन आला होता, सगळ्या ट्यूबा बदलून झालेल्या, स्पीकरही नवा, आता ट्रान्सफॉर्मर बदलायचा म्हणत होता, आणि समोरच जॅकमधे इवलीशी पॅच केबल! मी काही न बोलता नॉर्मलचा व्हॉल्यूम खाली आणत गेलो तसतसा आवाज मोठा होत गेला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

दुसरी चूक, प्लेक्सीच्या ब्राइट चॅनलचा व्हॉल्यूम १-२ वर ठेवून "हार्श आहे" म्हणणं. नंतरच्या बऱ्याच प्लेक्सीत त्या व्हॉल्यूम पॉटवर (फिरवायच्या नॉबमागचा भाग) ५००० पिकोफॅरडचा कॅप, म्हणजे कपॅसिटर, असतो, पॉट जितका खाली तितका फक्त ट्रेबल त्यातून निसटून पुढे जातो. व्हॉल्यूम वाढव, नाहीतर नॉर्मल चॅनल थोडा मिसळ. मी तर घरात नॉर्मलच वाजवतो. लोक घाईत काय करतात, बास हवा म्हणून ब्राइट चॅनलच्या ट्यूबच्या कॅथोडवरचा (ट्यूबचं एक टोक) ०.६८ मायक्रोफॅरडचा कॅप काढून मोठा टाकतात. तो मुद्दाम छोटा आहे, २.७ किलोओहमच्या रेझिस्टरबरोबर तो खालच्या नोट्सचा गेन कमी ठेवतो, म्हणून अँप डिस्टॉर्ट झाला तरी आवाज घट्ट राहतो. जाड बास हवाय तर शेजारी नॉर्मल चॅनल आहेच की, ८२० ओहम आणि मोठा कॅप घेऊन बसलेला.

बाकी किरकोळ. फेंडरला इनपुट २ मधे लावलं तर सिग्नल साधारण निम्मा होतो, अँप बिघडलेला नसतो. फेंडरच्याच ट्वीड डिलक्स ५ई३ मधे रिकाम्या चॅनलचा व्हॉल्यूमही टोन बदलतो, तो फिरवून बघितल्याशिवाय तक्रार करू नका.

आणि व्हिडिओ बघून लगेच सोल्डरिंग गन उचलणाऱ्यांनो, प्लग काढला तरी फिल्टर कॅपमधे (पॉवर सप्लायचे वीज साठवणारे कपॅसिटर) ४०० व्होल्टच्या वर उरलेलं असू शकतं. ते डिस्चार्ज करून मीटरने तपासता येत नसेल तर चेसिस उघडूच नका.