‘शोकांतिका’ हा शब्द जरा बाजूला ठेवा

एम.ए.ला ग्रीक ट्रॅजेडीचा पेपर घेतला तेव्हा डोक्यात एकच व्याख्या पक्की होती: शेवट शोकात होतो ती शोकांतिका. त्यामुळे प्रत्येक नाटक मी शेवटाकडून वाचायचे. कोण मेलं, कोणी डोळे फोडून घेतले, आणि नायकाच्या स्वभावातला कुठला दोष त्याला भोवला. परीक्षेत तेच लिहिलं, मार्कही मिळाले.

मग ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं ‘फिलोक्टेटिस’ हाती आलं आणि मी अडले. इ.स.पू. ४०९ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत हे पहिलं आलं, तेव्हा सोफोक्लीसनं वयाची ८५ वर्षं ओलांडली होती. यात कुणीच मरत नाही. उलट शेवटी नायकाची जखम बरी होईल असं वचन मिळतं. तरीही ही ट्रॅजेडीच!

फिलोक्टेटिसला साप चावलाय, पाय सडलाय. ती दुर्गंधी आणि त्याचं ओरडणं सहन होईना म्हणून ट्रॉय शहराशी लढायला निघालेल्या त्याच्याच ग्रीक साथीदारांनी त्याला लेम्नॉस बेटावर एकटं टाकून दिलं. वर्षं लोटली आणि भविष्यवाणी झाली की त्याच्या धनुष्याशिवाय ट्रॉय पडणार नाही. ग्रीकांचा चतुर सेनानी ओडिसिअस, वीर अकिलीसच्या तरुण मुलाला, निओप्टोलेमसला, ते धनुष्य कपटाने मिळवायला पढवतो: दिवसातला थोडा वेळ लाज सोड, पुढे जन्मभर सज्जन म्हणवून घे. पोरगा आधी नकार देतो, मग कीर्तीच्या आशेनं तयार होतो. गोड बोलून विश्वास मिळवतो. वेदनेची कळ येते तेव्हा फिलोक्टेटिस स्वतःहून धनुष्य त्याच्या हाती सोपवतो.

त्या कळेच्या वेळी फिलोक्टेटिस ‘पपाय, अपप्पपाय’ असा ओरडतो. ग्रीक भाषेतला हा निव्वळ आक्रोश आहे, त्याला अर्थ नाही. माझ्याकडच्या इंग्रजी भाषांतरात तिथे नुसतं ‘अरेरे’छाप काहीतरी होतं. पुढे दीडशे ओळींनी, धनुष्य हातात असताना, निओप्टोलेमसच्या तोंडून तोच शब्द निघतो: ‘पपाय! आता मी करू तरी काय?’ शरीराच्या वेदनेचा हुंकार त्याच्या मनाच्या वेदनेला मिळालाय. हे मूळ मजकुरात पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘ड्रामा’ हा शब्दही ‘करणं’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरूनच आलाय. नाटकाचा प्राण या प्रश्नात आहे, शेवटात नाही.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘मी काय करू?’ असं पात्र विचारतं ती जागा शोधा आणि तिथे थांबा. ‘धर्मसंकट’ हा आपला शब्द इथे ‘शोकांतिके’पेक्षा कितीतरी जवळचा आहे. स्वभावदोष हुडकण्याची सवय मोडा. नायक ज्या चुकीमुळे संकटात पडतो तिच्यासाठी ॲरिस्टॉटलने वापरलेला ‘हमार्तिया’ हा शब्द नेम चुकणं या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे, नायकाच्या अंगी दुर्गुण असलाच पाहिजे असं त्यातून निघत नाही.

ग्रीक लिपी आठवडाभरात येते. ती शिकाच. पर्सियस या संकेतस्थळावर मूळ ग्रीक नाटकं मोफत आहेत आणि शब्दावर क्लिक केलं की अर्थ दिसतो. निदान दोन भाषांतरं शेजारी ठेवा. जिथे ती एकमेकांपासून फारकत घेतात तिथे मूळ उघडून बघा. कोरसच्या, म्हणजे नाटकातल्या गाणाऱ्या समूहाच्या, ओळी गाळू नका. मी वर्षभर गाळल्या, त्याची हळहळ अजून वाटते.

आणि मोठ्याने वाचा, विशेषतः जे पात्र आवडत नाही त्याचे संवाद. सोफोक्लीसच्याच ‘अँटिगनी’ या नाटकात मी सुरुवातीपासून अँटिगनीच्या बाजूची. भावाला मूठमाती देणाऱ्या मुलीच्या बाजूने कोण नसेल? पण वर्गात ती मूठमाती द्यायला बंदी घालणारा राजा क्रिऑन माझ्या वाट्याला आला. शहरावर सैन्य घेऊन चालून आलेला अँटिगनीचा एक भाऊ, शहरासाठी लढलेला दुसरा. दोघे एकमेकांच्या हातून मेलेले, आणि सकाळी त्या शहराची जबाबदारी माझ्या अंगावर. ‘हे शहर म्हणजेच आपल्याला तारून नेणारं जहाज’ या अर्थाची ओळ वाचताना माझा आवाज आपोआप खाली आला. समोर अँटिगनी वाचणारी मैत्रीण पुस्तक मिटून माझ्याकडे बघत होती.