भाचीच्या सासरचं हिब्रू पुस्तक: बाइंडरकडे नेण्याआधी काय बघायचं

भाचीचं सासर फिलाडेल्फियाचं, घराणं अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधीपासून तिथलं. सासूबाईंनी पिढ्यान्‌पिढ्या आलेलं एक हिब्रू पुस्तक तिच्या हाती सोपवलं आणि तिचा मेसेज आला, "मामा, दिवाळीला आणते, नवीन पुठ्ठा घालून देशील?" साताऱ्यात शनिवार पेठेत माझं बाइंडिंगचं दुकान. तरी म्हटलं, आणू नकोस. त्याऐवजी तिला जे लिहून पाठवलं, ते इथे देतो.

आधी पुस्तकाची मागची बाजू पुढे घ्या. हिब्रू उजवीकडून डावीकडे चालते, त्यामुळे आपल्याला जिथे पुस्तक संपल्यासारखं वाटतं तिथे ते सुरू होतं. भाचीने पहिलं पान म्हणून पाठवलेला फोटो शेवटच्या पानाचा होता! हात धुऊन कोरडे करा. हातमोजे नकोत, त्यांनी पानाची कड कळत नाही आणि फाटते. दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवून पुस्तक अर्धवटच उघडा, म्हणजे कण्यावर ताण येत नाही.

आता छपाईचं वर्ष. ते बहुधा आकड्यात नसतं, अक्षरांत असतं. हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत आहे: दालेत ४, आयिन ७०, कोफ १००, ताव ४००. ज्यू कालगणनेतलं वर्ष पाच हजारांच्या घरातलं असतं, पण ते पाच हजार सहसा लिहीत नाहीत, धरून चालतात. ताव, कोफ, आयिन, दालेत अशी अक्षरं असली तर बेरीज ५७४. शकात ७८ मिळवून आपण इसवी सन काढतो, तसे इथे १२४० मिळवायचे. आले १८१४. (अमेरिकेत अख्खं हिब्रू बायबल पहिल्यांदा छापलं गेलं ते याच साली, तेही फिलाडेल्फियात.) ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं, म्हणून एखाद्या वर्षाचा फरक पडू शकतो. कधीकधी वर्ष बायबलच्या एखाद्या वचनात दडवलेलं असतं. मोठी छापलेली किंवा डोक्यावर खूण असलेली तेवढीच अक्षरं मोजायची. भाषा यायची गरज नाही, अक्षरांचा तक्ता समोर असला की पुरे.

गावाच्या नावावर मात्र लगेच भरवसा ठेवू नका. अ‍ॅमस्टरडॅमच्या हिब्रू टाइपाचा इतका दबदबा होता की दुसरीकडचे छापखानेवाले आतल्या शीर्षकाच्या पानावर 'अ‍ॅमस्टरडॅम' ठळक छापत आणि 'च्या वळणाची अक्षरं' एवढं बारीक. धंदा कुठलाही असो, चलाखी तीच.

पुस्तक हिब्रू म्हणून घराणं ज्यू, असंही नाही. हार्वर्डमध्ये त्या काळी विद्यार्थ्यांना हिब्रू शिकावीच लागे. तिथले शिक्षक ज्यूदा मोनिस यांचं हिब्रू व्याकरण १७३५ साली बॉस्टनला छापलं गेलं. त्यामुळे एखाद्या पाद्र्याच्या घरीही असं पुस्तक सापडेल. उलट ज्यू घरांतून इंग्रजी प्रार्थनापुस्तकं निघतील, कारण हिब्रू नीट न समजणाऱ्यांसाठी आयझॅक पिंटो यांनी केलेलं भाषांतर न्यूयॉर्कमध्ये १७६६ सालीच निघालं होतं.

खरा उलगडा होतो हाताने लिहिलेल्या मजकुरातून. पुढची-मागची कोरी पानं, पुठ्ठ्याच्या आतलं अस्तर, समास, सगळं बघा. शाई पुसट असेल तर मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरा. जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदी सापडतील. मुलाच्या जन्मानंतर आठव्या दिवशी सुंता केल्याची नोंद दिसली तर घर ज्यू. बाप्तिस्म्याची दिसली तर ख्रिस्ती. तारखांत एक खोच आहे. १७५२ पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून 'फेब्रुवारी १७३१/२' असं लिहिलेलं आढळतं. ते आपल्या हिशेबाने १७३२. हे माहीत नसेल तर वंशावळीत बाळ आईबापांच्या लग्नाआधी जन्मतं.

म्हणूनच मी पुठ्ठा घालायला नको म्हणालो. आम्ही जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिवण, उसवतो, जुनं अस्तर फाडून टाकतो आणि शेवटी कडा कटिंग मशीनखाली घालतो. समासातली पणजीची नोंद त्या कातरणात जाते. फेविकॉल नको, सेलोटेप तर अजिबातच नको. आमची मोरचूद घातलेली खळ कसरीला आवरते, पण असल्या कागदाला तीही लावू नका. चामड्याची तांबूस भुकटी हाताला लागत असेल तर तेल-पॉलिश चोळायचं नाही. अ‍ॅसिड नसलेल्या कागदात गुंडाळून सुती नाडी सैल बांधा आणि मापाच्या खोक्यात आडवं ठेवा. इकडे पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात नको, तिकडे माळा आणि तळघर नको.

सुटलेले तुकडे रद्दीत टाकू नका. देवाचं नाव असलेला जीर्ण कागद ज्यू लोक वेगळा साठवतात आणि पुढे दफनभूमीत पुरतात. तुकड्यांवर काय आहे ते कळेपर्यंत ते पाकिटात घालून पुस्तकाच्याच खोक्यात राहू देत.

एवढं झालं की शीर्षकाचं पान, शेवटचं पान, प्रत्येक हस्तलिखित नोंद आणि बाजूला पट्टी ठेवून कणा, असे फोटो काढा. छापील प्रत कुठली ते जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीत शोधता येतं. घराण्याबद्दल सिनसिनाटीच्या अमेरिकन ज्यूइश अर्काइव्हजला विचारावं. किंमत विचारायची असेल तर ती सर्वांत शेवटी, आणि नुसते फोटो बघून आकडा सांगणाऱ्याला पुस्तक देऊ नका.