गावात डोळे तपासणी ठेवायची असेल तर आधी मुकादमाला विचारा

आमच्या बीड जिल्ह्यात शिबिराची तारीख डॉक्टरांच्या सोयीनं ठरवून भागत नाही. केज, धारूर, वडवणीच्या डोंगरपट्ट्यातली घरंच्या घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलात परततात. डिसेंबरात मांडव टाकलात तर म्हातारी माणसं आणि मागं राहिलेली लेकरंच येणार. म्हणून मजुरांच्या गाड्या कधी भरणार ते टोळी नेणाऱ्या मुकादमाला विचारा आणि त्याच्या किमान तीन आठवडे आधीची तारीख धरा. नंबरचा चष्मा बनून यायला आठ-दहा दिवस लागतात, एखाद्याची काच चुकीची आली तर परत तेवढेच. पोळा झाल्यावर, सोयाबीनची काढणी सुरू व्हायच्या आत मधला जो मोकळा काळ असतो, तो मला सगळ्यात बरा वाटतो. त्यातही आठवडी बाजाराचा दिवस टाळा.

मी अंबाजोगाईत चष्म्याचं दुकान चालवते आणि आसपासच्या गावांतल्या शिबिरांना जाते. गणेश मंडळाची पोरं, बचत गटाच्या ताया, कधी निवृत्त गुरुजी येऊन विचारतात, "आमच्या गावात घ्यायचंय, काय काय लागतं?" त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

पहिलं काम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र देण्याचं. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, त्यांची वेळ मागा. ते किंवा शिकलेला ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासून नंबर काढणारा) असल्याशिवाय नंबर काढू नका. मशीनवर डोळा ठेवला, चिठ्ठी निघाली, झाला नंबर, असं नसतं. मशीनचा आकडा हा अंदाज असतो, माणसाच्या डोळ्यापुढं काच धरून विचारावंच लागतं. मोतीबिंदूचे जे निघतील त्यांना कुठं पाठवायचं हेही आधीच ठरलेलं हवं. आमच्या भागाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ, जालन्याकडच्यांना गणपती नेत्रालय आहे. ऑपरेशन रुग्णालयातच व्हायला हवं. शाळेच्या खोलीत करून देतो म्हणणारा कितीही मोठा असला तरी त्याला हात जोडा.

निरोप द्यायला भोंगा पुरत नाही. आशाताईंना सोबत घ्या, तांड्यावर आणि वस्तीवर स्वतः जा. तिथं "डोळे तपासणी" म्हटलं की बायका म्हणतात, "मला काय वाचायचंय? चष्मा कशाला?" त्यावर वाचनाचं बोलूच नका. "ज्वारी निवडताना खडे दिसतात का? सुईत दोरा कोण ओवतं?" एवढं विचारा. सुई नातीकडं देणारी प्रत्येक बाई तुमच्या शिबिराची आहे. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, ते शिकलेल्याचंही होतं आणि न शिकलेल्याचंही. आसामच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या चहा खुडणाऱ्या मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली छापून आला. त्यात जवळचा चष्मा मिळालेल्यांचं काम न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. कापूस वेचणाऱ्या बाईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, चष्मा नाकावर चढला की तिचं तिलाच कळतं.

जागा जिल्हा परिषदेच्या शाळेची घ्या. सहा मीटर अंतर टेपनं मोजून जमिनीवर खडूची रेघ मारा. पावलं मोजून केलेलं अंतर पोरागणिक बदलतं. तक्ता बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, त्यावर उजेड, खिडकी तक्त्याच्या पाठीमागं नको. अक्षरांचा नको, इंग्रजी ई चारी दिशांना वळवलेला तक्ता आणा. आमच्याकडं "दाताळ्याचे दात कुणीकडं?" म्हटलं की आजीसुद्धा हातानं बरोबर दाखवते. एका वेळी एकच डोळा. दुसरा डोळा तळव्यानं झाका, बोटांनी झाकला की फटीतून बघतात, लेकरं तर हमखास.

तक्त्यावरची ६/१२ ची ओळ (चांगला डोळा जी बारा मीटरवरून वाचतो) सहा मीटरवरून वाचता आली नाही की काळ्या पुठ्ठ्याला एक ते दीड मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून बघायला सांगा. भोकातून साफ दिसलं तर बहुधा चष्म्याचं काम आहे. भोकातूनही तसंच धूसर असेल तर चष्म्याच्या रांगेत उभं करू नका, डॉक्टरकडं पाठवा. या एका पुठ्ठ्यानं अर्धी गर्दी मार्गी लागते. काचबिंदू मात्र तक्त्यावर सापडत नाही. घरात आई-बापाला किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर नजर चांगली असली तरी डॉक्टरकडं जायची चिठ्ठी द्या. डोळा लाल आणि दुखरा असेल तर त्याच दिवशी रुग्णालयाला गाडी करा. ऊसाचं पातं लागलेल्या डोळ्यात मेडिकलवरून आणलेला कुठलाही ड्रॉप घालू देऊ नका. पाल्याच्या जखमेत बुरशी वाढते आणि स्टेरॉईडच्या थेंबानं ती आणखी भडकते.

रक्तातली साखर मोजायची सोय ठेवा. साखर फार वाढलेली असली की नंबरही हलतो, आज दिलेला चष्मा महिन्यानं नकोसा होतो. अशांना आधी औषध, मग नंबर.

जवळच्या चष्म्याला तयार काचा चालतात, प्लस एक ते प्लस तीन. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल आणि तिरपा नंबर (सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या वाकड्या गोलाईचा) नसेल तरच. वय बघून अंदाजे आकडा उचलू नका. ज्या कमीत कमी नंबरात सुई ओवली जाते तो द्या, जास्त दिला की डोकं दुखतं. मी टेबलावर सुई, दोरा आणि मूठभर ज्वारी ठेवते. लेकरांना तयार चष्मा कधीच नाही. त्यांचा नंबर डोळ्यात औषध घालून काढावा लागतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्याकडं नावं द्या.

शेतात राबणाऱ्याला बायफोकल (वर लांबची, खाली जवळची काच) देताना मी हात आखडता घेते. खाली बघितलं की जवळची काच पुढं येते, बांध धूसर होतो आणि पाय चुकतो. साधा जवळचा चष्मा, मागं दोरी, सोबत डबी. एवढं पुरतं.

शहरातून गोळा केलेले जुने चष्मे कुणी पोतं भरून आणून देतं. नम्रपणे परत करा. तो दुसऱ्याच्या डोळ्याचा नंबर असतो. जगभरच्या अंधत्व निवारणाच्या संस्थाही वापरलेले चष्मे वाटू नका असंच सांगतात. गरिबाला फ्रेमही स्वतः निवडू द्या. आरसा ठेवा, लहानसा नको, चांगला. लग्नाच्या वयाच्या मुलीला जाड काळी फ्रेम दिलीत तर ती डबीतच राहणार, आणि त्यात तिचा दोष नाही. पुढाऱ्याचं भाषण ठेवायचंच असेल तर तपासणी संपल्यावर ठेवा. सकाळी उपाशी आलेल्या म्हाताऱ्या नारळ फुटायची वाट बघत बसतात ते मला बघवत नाही.

मोतीबिंदूवाल्यांची वही वेगळी. नाव, गाव, नातेवाइकाचा फोन, सोबत कोण येणार आणि गाडी कुठल्या दिवशी. "पिकू द्या, मग काढू" असं घरचे म्हणतात. आता पिकायची गरज राहिलेली नाही, पार पिकवून काढणं उलट अवघड जातं. "कापूस वेचून झाल्यावर येते" म्हणणारी बहुधा येत नाही, म्हणून तारीख तिथंच घ्या आणि सुनेला सांगा.

थोड्या दिवसांनी, गाड्या भरायच्या आधी, वही घेऊन परत घरोघर जा. सोबत बारीक पेचकस, सुटे स्क्रू, नाकाच्या पट्ट्या आणि काही जादा चष्मे असू द्या. चष्मा नाकावर आहे, डबीत आहे की फडताळात, ते नावापुढं लिहा. न वापरणाऱ्याला कारण विचारा. बहुतेक वेळा काडी कानाला टोचत असते. ती गरम पाण्यात धरून वाकवता येते, तिथंच ओट्यावर बसून.