तळ्याची वारसा-नोंद: मानशीपासून सुरुवात करा

गोव्यातल्या तळ्याची नोंद करायला निघालेले बहुतेक जण दुर्बीण घेऊन पक्ष्यांपासून सुरुवात करतात. आधी मानशीकडे, म्हणजे फळ्या घालून तळ्याचे पाणी अडवायच्या-सोडायच्या दाराकडे, जा. पाणी कधी अडवले आणि कधी सोडले, यावर पुढचे सगळे ठरते: वायंगणाला (हिवाळी भातशेतीला) पाणी किती मिळाले, मासळी कधी धरली, जानेवारीत बदकांना उथळ पाणी उरले की नाही. मानशीची तारीख वहीत नसेल तर पक्ष्यांच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. पक्षी खरेच घटले, की पाणीच लवकर सोडले, हे कळायला मार्ग राहत नाही.

मानस ज्यांच्या ताब्यात आहे (कोमुनिदाद म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था, कुळांचा संघ किंवा पंचायत) त्यांची परवानगी घेऊन सेंटिमीटरच्या खुणांची दोन मीटर लांब पट्टी मानशीच्या पक्क्या भिंतीला बसवा. गाळात बांबू रोवू नका. तो पावसाळ्यात खचतो आणि पाणी चढल्यासारखे दिसते. जवळच्या न हलणाऱ्या दगडावर रंगाची खूण करा व पट्टीचे शून्य तिच्यापासून किती खाली आहे ते लिहून ठेवा, म्हणजे पट्टी वाहून गेली तरी नवी त्याच पातळीवर बसते. जून ते सप्टेंबर रोज सकाळी ठरल्या वेळी, एरवी आठवड्यातून एकदा पातळी घ्या. सोबत मानशीत किती फळ्या आहेत तेही लिहा. नुसता आकडा पाऊस आणि फळी यांतला फरक सांगत नाही.

सर्वांत जास्त पाणी चढून गेले की बांधावर, झाडाच्या बुंध्यावर काडीकचऱ्याची रेघ राहते. चार-पाच दिवसांत ती पुसली जाते, म्हणून लगेच मोजपट्टी धरून फोटो काढा आणि त्या दगडी खुणेपासूनची उंची मोजा. ही रेघ सगळ्या वहीतली सर्वांत मोलाची नोंद आहे. २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांत गेल्या १० वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचे बांधकाम करायला मनाई आहे. ती पातळी कुणी नोंदवलीच नसेल तर ५० मीटर मोजायचे कुठून? याच नियमांनी भातशेते आणि खास सिंचनासाठी बांधलेले तलाव पाणथळीच्या व्याख्येतून वगळले आहेत. त्यामुळे ‘शेतीचे तळे’ एवढे लिहून थांबू नका. झरे, ओहोळ, दलदल, मासळी, पक्षी हे सगळे त्याच वहीत यायला हवे. कुडचड्याचे नंदा तळे, जेमतेम ४२ हेक्टरचे, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेले. त्याच्या वर्णनात पाणी साठवून खालची भातशेती करण्याची पद्धत आणि पक्षी दोन्ही आहेत.

पक्षी मोजायचे ते जानेवारीत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून त्याच महिन्यात होते, त्यामुळे तुमचा आकडा इतर तळ्यांशी ताडून पाहता येतो. सकाळी साडेसहा ते नऊ, सूर्य पाठीशी ठेवून, दोघांनी वेगवेगळे मोजावे आणि मगच आकडे जुळवावेत. थव्यातले दहा पक्षी नीट मोजून तेवढ्या आकाराचा तुकडा डोळ्यांत धरा आणि तो थव्यावर किती वेळा बसतो ते पाहा. अडई दिवसा झाडोऱ्यात निपचित असते व रात्री चरायला जाते. ती सकाळी कमीच दिसते, म्हणून संध्याकाळी उडून जाताना पुन्हा मोजा. पाणकोंबड्या आणि कमळपक्षी गवतात दडतात. एका जागी निदान वीस मिनिटे थांबल्याशिवाय त्यांचा आकडा लिहू नका.

वनस्पतींच्या नोंदीत ‘तण’ हा शब्द जपून वापरा. तिसवाडी तालुक्यातल्या करमळीच्या तळ्यातल्या रानभाताला देवभात म्हणतात. कागदावर ते तण झाले की सफाईत जलपर्णीबरोबर उपटले जाईल.

माणसांशी बोलायचे ते बांधावरून चालत. घरात वही उघडून बसले की लोक औपचारिक होतात; बांधावर एकेक जागा पाहून आठवण येते. ‘परंपरा महत्त्वाची वाटते का’ असे विचारू नका. मानस कोण उघडायचा, मासळीची पावणी (लिलाव) कधी व्हायची, पैसा कुणाकडे जायचा, पाणी पहिल्यांदा कुठल्या शेताला मिळायचे, हे विचारा. तळ्याच्या कोपऱ्यांना, खोल जागांना, झऱ्यांना नावे असतात. ती ऐकली तशी कोंकणीतच लिहा, मराठी वळण देऊ नका, आणि सांगणाऱ्याच्या परवानगीने आवाजही टिपून ठेवा.

देवळांचा मागही काढावा लागतो. करमळीची ब्रह्मदेवाची मूर्ती सोळाव्या शतकात सत्तरी तालुक्यात नेली गेली आणि तिथल्या गावाला ब्रह्मकरमळी नाव पडले. तिसवाडीतल्या तळ्याची नोंद करणाऱ्याने तिथवर जायला हवे.

कागदांत आधी नमुना १ व १४ (जमिनीचा उतारा) काढा, तळ्याच्या कडेच्या सर्व्हे नंबरांसकट. कोमुनिदादीचे जुने दप्तर पोर्तुगीजमध्ये असते आणि गावांची नावे तिथे बदललेली सापडतात. करमळी ‘कारांबोलिम’ म्हणून शोधावी लागते.

उन्हाळ्यात तळे उतरले की तळ पाहून घ्या. आयर्लंडच्या लिमरिक परगण्यातल्या लॉख गर तळ्याची पातळी एकोणिसाव्या शतकात उतरवली, तेव्हा तळातून प्रागैतिहासिक वस्तू बाहेर आल्या आणि बऱ्याच संग्राहकांकडे पांगल्या. वस्तू नेमकी कुठे होती हे एकदा हरवले की तिचे निम्मे सांगणे संपते. आपल्याकडे घडीव दगड, मूर्तीचा तुकडा, जुन्या मानशीचे लाकूड दिसले तर उचलू नका. शेजारी पट्टी ठेवून फोटो, जीपीएसचे आकडे, तारीख घ्या आणि पुरातत्त्व खात्याला लेखी कळवा. लाकूड तर मुळीच उघडे पाडू नका. पाण्याबाहेर सुकताना ते आक्रसते, तडकते.

वहीच्या तीन प्रती ठेवा: एक पंचायतीत, एक गावच्या वाचनालयात, एक तळ्यापासून दूर राहणाऱ्या कुणाकडे. घरट्यांच्या जागा मात्र फक्त मूळ वहीत लिहा, नेटवर टाकायच्या नकाशात नकोत.